आर्डिसची जोडफळी

"हवी तर घेऊन जा की," असं आर्डिस टोलेफ्सन म्हणाली, आणि त्या बाईनं ती खरोखर नेली.

नेली म्हणजे काखोटीला मारून नेली. वर आर्डिसच्या गळ्यात पडली, "किती मोठं मन हो तुमचं!" म्हणाली, आणि चर्चच्या सज्जाचा लाकडी जिना धाडधाड उतरून गेलीसुद्धा. आर्डिस तिथंच उभी. एका हातात कीबोर्ड, दुसऱ्या हातात ट्रॅकपॅड, आणि तोंड अर्धवट उघडं.

ऑस्बी गावात जन्मलेल्या माणसाच्या हातून असं झालंच नसतं. ऑस्बीत कुणी काही देऊ केलं की आधी म्हणायचं, "छे, छे, नको." दुसऱ्यांदा म्हणायचं, "अगं, तुलाच लागेल ना." तिसऱ्यांदाही समोरच्यानं पुढं केलं, तर ते खरं देणं; मग "बरं बाई, तू एवढं म्हणतेसच तर" असं पुटपुटत घ्यायचं. एकदाच म्हणून जो गप्प बसला, त्यानं काही दिलेलंच नसतं. त्यानं फक्त कौतुकाची परतफेड केलेली असते. हे इथं कुणी कुणाला शिकवत नाही. कॉफी हवी का, याला पहिल्या झटक्यात "हो" म्हणणारा माणूस तळ्याच्या या काठावर तरी आर्डिसनं एकाहत्तर वर्षांत पाहिला नव्हता.

पण ही रोझॅन डेलुका पडली न्यू जर्सीची. गेल्या हिवाळ्यात तिनं तळ्यापलीकडं घर घेतलं. पलीकडच्या गावचं चर्च वेगळं, पण दोन्ही चर्च मिळून पास्टर एकच, कारण दोन पास्टर पोसण्याइतकी माणसं आता कुठल्याच चर्चमध्ये उरलेली नव्हती. तिकडच्या पडद्याचं काम रोझॅननं अंगावर घेतलं होतं: भजनांचे शब्द दाखवायचे, कॅमेरा चालू ठेवायचा, ज्यांना घराबाहेर पडवत नाही त्यांच्यापर्यंत प्रार्थना पोचवायची. ऑस्बीत हेच काम आर्डिस सहा-सात वर्षं करत होती. म्हणून पास्टरांनीच रोझॅनला सांगितलं, "जाऊन बघ, आर्डिस कसं करते ते."

तिनं येऊन बघितलं, आणि जे बघितलं तेच उचलून नेलं!

आता ही वस्तू काय होती तेही सांगायला हवं. सज्जात टेबल ठेवायला जागा नाही. ऑर्गनच्या नळ्या, त्याच्यापुढं एक बाक, बाकापुढं कठडा, संपलं. त्यामुळं आर्डिस कीबोर्ड मांडीवर घेऊन बसायची आणि ट्रॅकपॅड त्याच्या शेजारी, गुडघ्यावर. कीबोर्ड बिनतारी, ट्रॅकपॅडही बिनतारी, म्हणजे दोघांना कुठंही घरंगळायला मोकळीक. भजनाला उभं राहायची सवय अंगात भिनलेली. ती उभी राहिली की ट्रॅकपॅड फरशीवर. त्यात उजव्या अंगठ्याच्या सांध्यात दुखणं, घट्ट धरून ठेवणं जमेना.

आधी तिनं दोघांना जोडायची एक प्लास्टिकची पट्टी मागवली होती. जुना कीबोर्ड होता तोवर ती बरी चालली. त्या कीबोर्डाला मागच्या बाजूनं बॅटरीची गोल नळी होती, पट्टी त्या नळीला चावून बसायची. मग कंपनीनं नवा कीबोर्ड काढला, पाठ सपाट, नळी गायब. जुना बिघडल्यावर चर्चनं नवा घेतला आणि पट्टी अशी खुळखुळायला लागली की भजनापेक्षा तिचाच आवाज मोठा. आणखी एक. पट्टीवर ट्रॅकपॅडची जागा उजवीकडं. आर्डिस डावखुरी.

"माणसाचे हात बदलले नाहीत, मग यांनी कीबोर्ड कशाला बदलला?" व्हर्लिन तेव्हा म्हणाला होता. व्हर्लिन तिचा नवरा. इतकं लांब वाक्य तो सहसा बोलत नाही. बोलून झाल्यावर तो शेडमध्ये गेला आणि उरलेल्या अक्रोडाच्या लाकडातून त्यानं जोडफळी केली. एकाच फळीत दोन खाचा कोरल्या, एक लांब, एक चौकोनी. चौकोनी डावीकडं. तळाला जुन्या टोपीची जाड लोकरी बनात चिकटवली, म्हणजे वाजू नये. चालू-बंदच्या बटणाशी बोट पोचावं म्हणून कडेला खोबण. पोटाकडची कड घासून घासून गोल केली, मनगटाला बोचू नये म्हणून. आणि ट्रॅकपॅड सटकू नये म्हणून एक लाकडी खिट्टी, नखाएवढी, बोटानं फिरवायची. फळी मांडीवर घेतली की आर्डिसला वाटायचं, आता भूकंप झाला तरी चौथं कडवं चुकणार नाही.

त्यानंतर वसंतात घर विकलं. पायऱ्या झेपेनात, म्हणून दोघं गावातल्या फ्लॅटमध्ये आली. शेड गेली, करवती लिलावात गेल्या, रंधे पुतण्यानं नेले.  जोडफळी ही व्हर्लिननं केलेली शेवटची वस्तू होती हे दोघांनाही ठाऊक होतं. आता पुन्हा व्हायची नव्हती.

आणि ती आर्डिसनं दिली होती. म्हणजे दिली नव्हती!

घरी आल्यावर व्हर्लिननं सूप वाढलं. तिची पिशवी सपाट दिसली तसं विचारलं, "फळी कुठंय?"

"दिली."

"कुणाला?"

"त्या पलीकडच्या रोझॅनला. म्हणजे मी दिली नाही रे. ती म्हणाली, अय्या काय सुंदर आहे, मला अशीच हवी. मग मी म्हटलं, हवी तर घेऊन जा की."

"मग?"

"मग तिनं नेली!"

व्हर्लिननं चमचा खाली ठेवला. "एकदाच म्हटल्यावर?"

"एकदाच!"

"हं," व्हर्लिन म्हणाला. ऑस्बीत "हं"चे बरेच प्रकार आहेत. हा वाईटातला होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "बरं आहे. तिला उपयोगी पडेल." मग उठून खिडकीशी गेला आणि खालच्या पार्किंगकडं बघत उभा राहिला, जिथं त्याची शेड नव्हती.

त्यानं आरडाओरडा केला असता तर आर्डिसला बरं वाटलं असतं.

बुधवारी चर्चच्या तळघरात नाताळच्या बाजारासाठी लेफ्सा करायला बायका जमल्या. बटाटे उकडून किसून, पिठात मळून, तव्याएवढ्या पातळ पोळ्या लाटायच्या आणि लांब काठीनं उलटायच्या. काठी मार्लिस एंगेब्रेटसनच्या हातात असते. ती कुणाच्या हाती देण्याची वेळ अजून आलेली नाही. आर्डिस लाटत होती, आणि लाटणं पोळीवर कमी, रागावर जास्त फिरत होतं.

"अगं, फाटतेय ती," मार्लिस म्हणाली.

"फाटू दे. मला सांग, असं कुणी घेतं का? सरळ? हात पुढं करून?"

"तिकडं घेत असतील. तिकडं म्हणे लोक रांगेतसुद्धा बोलतात."

"मी नुसतं म्हटलं गं!"

"म्हटलंस ना पण," पलीकडून डोलोरेस म्हणाली. ती बटाटे किसत होती आणि नेहमी चुकीच्या वेळी खरं बोलत होती.

"डोलोरेस, तू किस." मार्लिसनं पोळी उलटली. "हे बघ आर्डिस, तिला सुचव. फोन कर आणि विचार, जड तर होत नाही ना? डाव्या हाताची आहे, अडचण तर होत नाही ना? ती समजेल आणि परत आणून देईल."

"आणि नाही समजली तर?"

"तर मग सोडून दे."

"सरळ मागितली तर काय होईल?"

तवा तेवढा चरचरला. डोलोरेसची किसणी थांबली.

"मागायची?" मार्लिस म्हणाली. "तोंडानं? दिलेली वस्तू? आर्डिस, आपण काय उघड्यावर पडलोय का?"

आर्डिसनं संध्याकाळी फोन केला.

"आर्डिस! बरं झालं फोन केलात!" रोझॅनचा आवाज कानाला फोन न लावताही ऐकू येत होता.

"नाही, सहजच केला. म्हटलं, ती फळी जड तर वाटत नाही ना तुला?"

"छे! पिसासारखी आहे!"

"हो का. मला आपली काळजी. डाव्या हाताची आहे ना ती. तुला त्रास होत असेल."

"अहो, ती गंमत ऐका. मी फिरवली! सगळी फळीच फिरवली, पोटाकडची कड पलीकडं. आता ट्रॅकपॅड उजवीकडं आला. कीबोर्ड तेवढा खाचेत उलटा बसवला. मस्त चालतंय."

आर्डिसनं डोळे मिटले. म्हणजे गोल केलेली कड आता पडद्याकडं, आणि न घासलेली, कोरी, टोकदार कड पोटाकडं. खोबण भलत्याच बाजूला. जी कड करायला व्हर्लिनला तीन दुपारी लागल्या, ती हवा खात बसलीय.

"पण टोचत असेल ना मनगटाला?" तिनं शेवटचा प्रयत्न केला.

"थोडी टोचते. पण फुकट मिळालेल्या वस्तूला नावं कशाला ठेवायची, हो ना?" रोझॅन मनापासून हसली.

"हो ना," आर्डिस म्हणाली, आणि फोन ठेवून स्वयंपाकघरातल्या खुर्चीला लाथ मारली. खुर्चीला काही झालं नाही. आर्डिस दोन दिवस लंगडली.

पुढचा रविवार साधा असता तर हे सगळं तिथंच जिरलं असतं. पण तो नोव्हेंबरातला मृतांच्या आठवणीचा रविवार होता. वर्षभरात जे गेले त्यांचं नाव पास्टर वाचतात, घंटेचा एक टोला होतो, पडद्यावर माणसाचा फोटो येतो, आणि घंटेचा आवाज विरेपर्यंत कुणी हलत नाही. त्या वर्षी गेलेल्यांत हार्लन बाके होता. पन्नास वर्षं त्याच चर्चची घंटा वाजवणारा. त्याची बायको इनेज पहिल्या बाकावर बसली होती, मुलं, सुना, नातवंडं असा सगळा गोतावळा घेऊन.

आर्डिस मांडीवर कीबोर्ड आणि गुडघ्यावर ट्रॅकपॅड घेऊन वर बसली होती. गुडघे घट्ट जुळवलेले, श्वास धरलेला. पहिली तीन नावं नीट गेली. मग पास्टर म्हणाले, "हार्लन मार्टिन बाके." टोला पडला. घंटेवाल्याच्या मानासाठी रीत मोडून लोक उभे राहिले. आर्डिसही उभी राहिली, कारण हार्लनसाठी बसून राहणं तिला सुचलंच नाही.

ट्रॅकपॅड सटकला. तिनं तो हवेत पकडला, दाही बोटांनी, आणि दाही बोटं त्याच्यावर कुठं कुठं उमटली ते देवच जाणे. पडद्यावरून हार्लन गेला. त्याच्या जागी सूचनांमधलं वाफाळत्या माशाचं हे एवढं मोठं चित्र आलं आणि खाली अक्षरं: लुटफिस्कचं जेवण, शनिवारी, पोटभर खा!

कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. अख्खं चर्च माशाकडं बघत, मान ताठ ठेवून, घंटेचा आवाज संपायची वाट पाहत उभं राहिलं. काही बिघडलंय असं कुणी चेहऱ्यावर दिसूही दिलं नाही. पहिल्या बाकावर इनेजनं मान खाली घातली.  हार्लन परत आणायला आर्डिसला फार वेळ लागला, आणि आणला तोवर पास्टर पुढचं नाव वाचत होते.

खाली कॉफीच्या वेळी इनेज स्वतः तिच्याकडं आली. "काही नाही गं झालं," ती म्हणाली. "हार्लनला आवडायचा तो मासा." आणि आर्डिसचा हात थोपटला. तिचे डोळे लाल होते.

तेवढ्यात मार्लिस लिंबाच्या वड्यांची बशी घेऊन आली. "कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, आर्डिस."

"मार्लिस," आर्डिस म्हणाली, "तो मासा आठ फूट रुंद होता."

तिनं वडी घेतली नाही. कोट घातला, व्हर्लिनला बाहीला धरून उठवलं. "गाडी काढ."

"कुठं?"

"पलीकडं."

तळ्याला वळसा घालून जाईपर्यंत ती स्वतःशीच बोलत होती. काय बाई आहे! दिसलं की उचललं! माणसाच्या तोंडातून शब्द निघायची खोटी! दुसऱ्याच्या नवऱ्यानं हातानं केलेली वस्तू, आणि ती उलटी धरते, उलटी! व्हर्लिन गाडी चालवत होता. एका वळणावर तो म्हणाला, "आपण नुसतं जाऊन 'हवा कशी आहे' विचारू या."

"हवा मला दिसतेय."

रोझॅनच्या दारात पोचल्यावर व्हर्लिन गाडीतून उतरला नाही. "मी आहे इथं," म्हणाला आणि इंजिन चालूच ठेवलं. रोझॅन गॅरेजमध्ये होती, दार वर केलेलं, अंगात जुना स्वेटर. तिनं हात हलवला. "आर्डिस! या, या! कॉफी टाकते!"

"मला कॉफी नकोय," आर्डिस म्हणाली. हे ती नेहमीच म्हणते, पण आज पहिल्यांदाच खरं म्हणाली. "मला माझी फळी परत हवीय."

बोलून झालं आणि तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आता आभाळ कोसळेल असं तिला वाटलं. आभाळ जागच्या जागी होतं.

रोझॅनच्या कपाळाला आठी पडली. "परत? पण तुम्ही दिलीत मला."

"मी दिली नव्हती. मी म्हटलं, हवी तर घेऊन जा."

"मग? मला हवी होती, मी नेली."

"असं म्हटल्यावर नको म्हणायचं असतं!"

"हवी असताना?"

"हवी असली तरी! हवी असली तर जास्तच! अगं, मी एकदा म्हणणार, तू नको म्हणणार, मी पुन्हा..." आर्डिसला स्वतःचंच बोलणं ऐकू येत होतं आणि उजेडात ते चमत्कारिक दिसत होतं, कपाटातून काढलेल्या जुन्या टोपीसारखं. म्हणून तिनं आवाज चढवला. "माझ्या नवऱ्यानं केलीय ती! त्याच्या करवती गेल्या, शेड गेली, त्यानं केलेली ती शेवटची वस्तू आहे. आणि आज तिच्यावाचून मी हार्लन बाकेच्या नावावर मासा दाखवला, त्याच्या बायकोसमोर!"

 रोझॅनचा चेहरा लाल झाला. पण आर्डिसला वाटला तसा शरमेनं नव्हे.

"थांबा," ती म्हणाली. "इकडं या. नाही, आत या. हे बघा."

गॅरेजच्या मागच्या भिंतीशी एक शिडी उभी होती. शेजारी होडीची दोन वल्ही. कुत्र्याचा पिंजरा. लोणच्याच्या बरण्या, झाकण न उघडलेल्या. बर्फ ओढायचं फावडं. एक मोठं, झाकणाचं, विजेवर चालणारं भाजायचं भांडं.

"हे काय?"

"हे तुम्ही सगळ्यांनी दिलेलं! शिडी तुमच्या चर्चजवळच्या कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्यानं. मी म्हटलं, छान शिडी आहे. तो म्हणाला, ने हवी तर. कुत्र्याचा पिंजरा... माझ्याकडं कुत्रासुद्धा नाही, आर्डिस! मी फक्त विचारलं होतं, कुठून घेतला. पहिल्या महिन्यात मला वाटलं, देवा, कुठल्या स्वर्गात येऊन पडले मी! मग ती माणसं एकेक करून बोलायची बंद झाली. शिडीवाला मला बघून रस्ता ओलांडतो. मला वाटलं, माझा आवाज मोठा आहे म्हणून असेल. मी हळू बोलायला लागले. आरशासमोर उभी राहून हळू बोलायची सवय केली मी! मला वाटलं, माझ्या स्वयंपाकाचा लसणाचा वास यांना सोसत नसेल. आठ महिने मी विचार करतेय, मी काय केलं? आणि एकानंही, एकानंही येऊन सांगितलं नाही!"

 आर्डिसची नजर भाजायच्या भांड्यावर होती. तिनं वाकून ते तिरकं केलं. चर्चच्या तळघरात भांडी बदलू नयेत म्हणून बायका बुडाला चिकटपट्टी लावून आडनाव लिहितात. याच्या बुडाला लिहिलं होतं: एंगेब्रेटसन.

"हे कधी दिलं?"

"मार्लिसनं ना? एप्रिलमध्ये."

एप्रिलपासून! आणि बुधवारी ती काठी हातात धरून, मान वर करून आपल्याला अक्कल शिकवत होती. सुचव म्हणे! सोडून दे म्हणे! आर्डिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती आता या बाईवर जाईना. जायला तयारच नव्हती. आठ महिने अख्ख्या गावानं हिला वस्तू दिल्या आणि मग त्याची शिक्षा दिली, आणि शिक्षा चालू आहे हेही कळू दिलं नाही. वर पुन्हा तळघरात बसून हिला लोभी ठरवलं. त्यात आर्डिसही होती. शिडीची गोष्ट तिनंही हसून ऐकली होती.

रोझॅन घरात जाऊन आली. हातात जोडफळी. अक्रोडाचा रंग तसाच, खिट्टी तशीच. तिनं ती पुढं केली. "घ्या."

आणि आर्डिसच्या जिभेवर ते आलं. आपोआप आलं, शिंक येते तसं. असू दे गं, राहू दे तुझ्याकडं.

रोझॅननं तिच्याकडं रोखून बघितलं. "आता तुम्ही 'असू दे' म्हणालात ना, तर मी ठेवून घेईन. शपथेवर सांगते."

आर्डिसनं ओठ घट्ट मिटले. सगळी आजी-पणजींची रांग तिच्या पाठीमागं उभी राहून मानेनं नको, नको करत होती.

"दे," ती म्हणाली.

आणि घेतली. दोन्ही हातांनी, पहिल्याच वेळी.

"झालं?" रोझॅन म्हणाली. "इतकं सोपं होतं?"

"सोपं?" आर्डिस म्हणाली. "माझ्या पाठीला घाम आलाय."

रोझॅनला हसू आलं, पण तिनं ते पुरतं येऊ दिलं नाही. तिचा राग अजून गेला नव्हता, आणि तो जायलाही नको होता. "हे बाकीचंही घेऊन जा तुमच्या गाडीत. ज्याचं त्याला द्या. मला नको."

"मुळीच नेणार नाही," आर्डिस म्हणाली. "ज्यांनी दिलं त्यांनी यावं, तुझ्या दारात उभं राहावं आणि तोंडानं मागावं. मला घाम आला, त्यांनाही येऊ दे."

"कॉफी?"

"हो," आर्डिस म्हणाली. मग स्वतःच चकित झाली.

रोझॅन गाडीकडं ओरडली, "तुम्हाला कॉफी हवी का?"

व्हर्लिननं काच दोन बोटं खाली केली. "नको, नको. उगाच कशाला त्रास."

"बरं!" रोझॅन म्हणाली आणि आत वळली.

व्हर्लिन काच खाली ठेवून, पुढच्या विचारण्याची वाट बघत बसला. आर्डिसनं त्याच्याकडं एकदा पाहिलं. "बस तसाच," ती म्हणाली आणि कॉफी प्यायला गेली.

परतताना फळी तिच्या मांडीवर होती. सिग्नलपाशी गाडी थांबली तसा व्हर्लिननं हात लांब करून न घासलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "ही कड तिच्याकडं होती?"

"हो."

"टोचली असेल."

"थोडी टोचली म्हणाली. तरी वापरत होती."

"हं," व्हर्लिन म्हणाला. हा निराळा "हं" होता. एक मैल गेल्यावर तो म्हणाला, "पुतण्याकडं रंधे आहेत अजून. तिला उजव्या हाताची लागेल."

"तिनं मागितली का?"

"नाही."

"मग तू विचार. आणि ती हो म्हणेल. पहिल्यांदाच हो म्हणेल, सांगून ठेवते. पुन्हा खिडकीशी जाऊन उभं राहायचं नाही."

त्यानंतरच्या रविवारी एकही कडवं चुकलं नाही. भजनाला आर्डिस उभी राहिली आणि ट्रॅकपॅड खिट्टीत जागचा हलला नाही. खाली कॉफीच्या वेळी ती फळी मुद्दाम काखेत घेऊन आली, सगळ्यांना दिसेल अशी.

मार्लिस बशी घेऊन थबकली. "अगं, मिळाली? सुचवलंस वाटतं. बघ, मी म्हटलं नव्हतं?"

"मागितली."

"म्हणजे?"

"म्हणजे तिच्या दारात गेले आणि म्हटलं, माझी फळी दे."

मार्लिसनं इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. डोलोरेसनं ऐकलं होतं. तिनं कप खाली ठेवला आणि खुर्ची जवळ ओढली.

"तुझं भाजायचं भांडं पण आहे तिथं," आर्डिस म्हणाली. तिला जितकं मोठ्यानं बोलायचं होतं त्याहून ते मोठ्यानं आलं, आणि शेजारच्या दोन टेबलांवरचं बोलणं थांबलं. शिडीवाला तिथंच होता. त्याला एकाएकी कॉफीत साखर ढवळायचं फार काम निघालं. "एप्रिलपासून. धुऊन पुसून ठेवलंय. आठ महिने ती विचार करतेय की तिचं काय चुकलं. जा आणि माग."

"छे गं!" मार्लिसचा चेहरा पांढरा पडला. "असू दे तिच्याकडं. मला कुठं लागतं ते."

"लागतं. नाताळच्या जेवणाला दर वर्षी तेच लागतं, आणि यंदा तू माझं मागणार आहेस. मागणार म्हणजे माझ्यासमोर उभी राहून म्हणणार, आर्डिस, तुझ्याकडं जास्तीचं भांडं असेल तर काय बरं होईल."

 मार्लिसनं वड्यांची बशी आर्डिससमोर धरली, इथं अडचणीच्या वेळी सगळेच धरतात तशी. "घे ना एक."

आर्डिसनं फळी टेबलावर ठेवली, गोल कड आपल्याकडं करून.

"दोन घेते," ती म्हणाली, आणि घेतल्या.